मूठभर गहू

११ नोव्हेंबर

प्राजक्ता दिवाळीला आली तेव्हा ही डायरी देऊन गेली. माझी एकुलती एक लेक, अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. म्हणाली, "आई, तुह्यं बीपी मिठानं नाई वाढत, माणसानं वाढते. ज्याचा राग येईन त्याच्याबद्दल यात लिहीत जाय, तोंडावर बोलत नको जाऊ." दहा दिवस डायरी बेसनाच्या डब्यावर पडून होती. आज उघडली, कारण आज साधना चक्कीवर आली.

साधना म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीर शेखरची बायको. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे आणि त्या भिंतीला अकरा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत ती माझ्या चक्कीची पायरी चढली नव्हती. दळण न्यायची गावाच्या दुसऱ्या टोकाच्या चक्कीवर, माझ्याच दारावरून, डबा डोक्यावर आणि मान ताठ. आज साडेबाराला आली, चक्कीवर कोणी नाही असं बघून. स्टीलचा डबा खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलली, "जवारी हाय. दुसरं काही मिसळलं नाई पायजे. चक्की साफ करूनच दळा लागते."

मीही कॅलेंडरलाच सांगितलं, "वीस वर्षं झाली चक्की चालवून राहिली मी. साफ कशी करतात थे मले कोनी शिकवू नये."

"त्या चक्कीवाल्यानं तीन किलोसाठी मशीन थांबवाले नाई म्हटलं," कॅलेंडरला कळलं.

म्हणजे गरज पडली म्हणून आली. अडला हरी, मी मनात म्हटलं. त्या म्हणीत गाढव कोण होतं ते नंतर लक्षात आलं आणि अजून चिडले.

पण दळण मी नीट केलं. वैर माणसाशी करावं, दाण्याशी करू नये, असं आमचे हे म्हणायचे. पीठ पडतं त्या तोंडाला कापडी बाही असते, ती काठीनं झोडून झाडली. ब्रशनं तोंड पुसलं. मग चाक आवळून दगड जवळ आणले आणि गहू टाकला. दगड पुसायला गव्हासारखं दुसरं काही नाही. मिरची दळलेली असो की बेसन, मूठभर गहू फिरला की दगड लख्ख. लोकांच्या दळणाला मी एक मूठ टाकते, तिच्या दळणाला दोन टाकल्या. उगाच नाव ठेवायला जागा नको. ती तेव्हा दाराबाहेर उभी होती, माझ्याकडे पाठ करून. गव्हाचं पीठ गाईच्या घमेल्यात काढलं आणि मगच ज्वारी ओतली.

डबा उचलून गेली.

१४ नोव्हेंबर

पार्बताबाईनं आज सगळं सांगितलं. पार्बताबाई समोर राहते, रोज पहाटे अमरावतीला भाजी घेऊन जाते आणि दुपारी गावभराच्या बातम्या घेऊन येते.

शेखर-साधनाची पोरगी खुशी, नऊ वर्षांची. दिसते सहाची. हातपाय काड्या आणि पोट तेवढं माठ. इतके दिवस जंत म्हणत होते, कुणी नजर म्हणत होते. अमरावतीच्या डॉक्टरनं पोटात दुर्बीण घालून पाहिलं आणि गहू बंद केला. महिना-दोन महिने नाही, जन्मभर. तिच्या आतड्याला गहू सोसत नाही म्हणे.

गहू सोसत नाही! माझं अर्धं आयुष्य गव्हाच्या पिठात गेलं. नाकात गहू, कानात गहू, भुवयांवर गहू. मला साधी सर्दी होत नाही. साधनानं पोरीला भातावर आणि मॅगीवर वाढवलं, आता गव्हाचं नाव पुढे करते. नाचता येईना, अंगण वाकडं.

पण मी हे पार्बताबाईला बोलले नाही. डायरीत लिहिते आहे. प्राजक्ता, बघ.

१८ नोव्हेंबर

आज लाईन नव्हती, म्हणून बसून भांडणाचं मूळ लिहिते.

या दोघा भावांनी मिळून एक लहान चक्की घेतली होती, वलगावच्या एका म्हाताऱ्याकडून. माझं लग्न झालं त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी. चालवायचे आमचे हे, आणि यांच्याकडून मी शिकले. दगडाला टाकी मारायलाही शिकले. टाकी म्हणजे दगड वापरून गुळगुळीत झाला की छिन्नी-हातोडीनं त्याच्या चऱ्या पुन्हा खोल करायच्या. बाईच्या हाताला हे जमत नाही असं गाव म्हणायचं. आता आजूबाजूच्या चार गावांचे चक्कीवाले मला बोलावतात.

हे गेले आणि तेरवी होऊन महिना झाला नाही तोच शेखरनं वाटणी काढली. वावर वाटलं, घर वाटलं, मध्ये भिंत घातली. चक्कीवर अडलं. मी म्हटलं, मी चालवते, चक्की माझी. तो म्हणाला, अर्धी माझी. पंच चहा पिऊन उठून गेले. एके दिवशी भरदुपारी तो दोन गडी घेऊन आला, नट खोलले आणि वरचा दगड उचलून घेऊन गेला. दारात उभा राहून म्हणाला, "वयनी, माही अर्धी नेली. तुमची अर्धी ठेवली."

अर्ध्या चक्कीत काय दळणार? मी पाटल्या मोडून ही मोठी चक्की आणली. जुन्या चक्कीचा सांगाडा आणि खालचा दगड मागच्या खोलीत पोत्याखाली पडून आहे. आणि वरचा दगड? तो साधनाच्या नळाखाली आहे. ती त्यावर कपडे धुते. रोज सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून धपधप ऐकू येतं. माझ्या नवऱ्याच्या हातची टाकी मारलेला दगड आहे तो, त्यावर शेखरचे बनियन आपटतात.

अकरा वर्षांत एकही सकाळ चुकली नाही.

२ डिसेंबर

साधना दळण घेऊन आली, तिसऱ्यांदा. या वेळी पोरगी सोबत होती. मी चक्की साफ करत होते तेवढ्यात खुशी आत आली.

"मोठीमाय, तुह्या भुवया पांढऱ्या काहून हायेत?"

मला मोठीमाय म्हणणारं या जगात कोणी उरलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पीठ हाय थे. पट्ट्याजवळ नको येऊ, फ्रॉक ओढून घेईन."

ती शिंकली. साधनानं बाहेरून दंडाला धरून ओढलं, जशी काही मी करणी करणार होते. मी मुद्दाम तिसरी मूठ गहू टाकला. म्हटलं, घे, आता तर डोळ्यांत तेल घालून शोध.

१९ डिसेंबर

टाकी मारली. पाठ मोडली. बेअरिंगचा आवाज येतो आहे, ग्रीस भरलं. दुसरं काही नाही.

५ जानेवारी

पार्बताबाई सांगते, खुशीच्या पोटाला उतार नाही. शाळा बुडते आहे, उलट्या होतात. साधना घरात गव्हाचा दाणा ठेवत नाही, रव्याचा डबासुद्धा देऊन टाकला, ती आणि शेखरही भाकरच खातात. तरी पोरगी वाळतेच आहे.

मी बोलून गेले, "मंग चोरून खात असन. दुकानातले बिस्किटं. लेकरांची जीभ कोनाच्या बापाले ऐकत नसते."

पार्बताबाईचे डोळे चमकले. तिला एक बातमी कमी पडत होती, ती मिळाली.

७ जानेवारी

भिंत एका विटेची आहे. अलीकडे श्वास घेतला तर पलीकडे कळतो.

आज शाळेतून आल्यावर साधनानं खुशीला मारलं. झाडणीनं मारलं असावं, आवाज तसा होता. "खरं सांग, कोनाच्या घरी बिस्किट खाल्लं? कोनाच्या दुकानात गेलती?" आणि पोरगी, "नाई खाल्लं मम्मी, देवाशपथ नाई खाल्लं." पुन्हा आवाज. पुन्हा देवाशपथ.

मी भाजी चिरत होते. विळीवर हात थांबला.

खोटं थोडंच बोलले असेन मी? खाल्लंच असेल. नाहीतर मग उतार का नाही? पण ती ज्या आवाजात देवाशपथ म्हणत होती तो आवाज खोटं बोलणाऱ्या लेकराचा नव्हता. मी एक लेक वाढवली आहे, मला आवाज कळतो.

भाजी खारट झाली. टाकून दिली.

८ जानेवारी

ठरवलं आहे, आता त्या पोरीच्या दळणाला दर वेळी तीन मुठी गहू. आपल्याकडून कसर नको.

२७ जानेवारी

आज माझ्या दारात जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

खुशीचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा कमी व्हायला हवा होता, वाढला. डॉक्टरनं साधना-शेखरला झापलं, कुठून तरी गहू पोटात जातोच आहे म्हणाला. घरात गहू नाही, शाळेचा डबा घरचा, बिस्किटाचं मारूनही कबूल होत नाही. मग उरलं काय? उरली मी.

सकाळी दहाला शेखर आला. चक्कीवर सात-आठ बाया होत्या. अकरा वर्षांनी तोंड उघडलं ते असं, "वयनी, माह्या पोरीच्या दळनात काय टाकता तुमी?"

मी चक्की बंद केली. "काय म्हटलं?"

"दगडाचा राग माह्यावर काढा. कोर्टात जा, मले चपलीनं मारा. पोरीच्या जिवावर नोका उठू."

"अरे, तुह्या पोरीचं दळन मी देवाच्या नैवेद्यासारखं करून राहिली. तिच्यासाठी चक्की झाडतो, पुसतो. इतकं त मी सोताच्या लेकीसाठी नाई केलं!"

"मंग तिच्या पोटात जाते काय? हवा?"

"तुही बायको काय चारते थे तिले इचार!"

तो पुढे आला. बायांनी मध्ये पडून त्याला मागे लोटलं. जाताना थुंकला, माझ्या पायरीवर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. दगड चोरणारा तो आणि विष घालणारी मी.

पायरी धुतली. दोनदा.

१ फेब्रुवारी

आज दिवसभरात चार दळणं. पार्बताबाईसुद्धा दुसऱ्या चक्कीवर गेली. विचारलं तर म्हणाली, "थे जरा रस्त्यात पडते वो." तिचं घर माझ्या समोर आहे. तिचा रस्ता कुठून कुठे जातो कोण जाणे.

गावात बोलतात ते कानावर येतंच. माझं नाव घेऊन बोलतात, पंचफुलानं जावेच्या पोरीवर उट्टं काढलं. पंचफुलाच्या पिठात काहीतरी आहे. ज्या गावाला मी वीस वर्षं भाकर पुरवली त्या गावाचं हे तोंड.

४ फेब्रुवारी

खुशीला अमरावतीला भरती केलं होतं, दोन दिवस सलाईन लावून आज घरी आणलं. ऑटोतून शेखरनं तिला उचलून आत नेलं तेव्हा मी दारात होते. पोरीचे पाय लोंबत होते, चपला पायात सैल होत्या. तिनं मला पाहिलं आणि हात हलवला. साधनानं तो हात धरून खाली केला.

मी ठरवलं. रविवारी सगळ्या गावासमोर दळून दाखवते. पार्बताबाईलाच सांगितलं, म्हणजे वेगळी दवंडी नको. साधना-शेखरनंही यावं, पोरीला घेऊन यावं, डोळे उघडे ठेवून बघावं, आणि मग माझ्या पायरीवर नाक घासावं.

९ फेब्रुवारी, रविवार

पन्नासेक माणूस आलं. गावाला फुकटचा तमाशा आवडतो. शेखर खुशीला कडेवर घेऊन पुढे उभा राहिला, साधना त्याच्या मागे, हातात तोच स्टीलचा डबा.

मी सकाळी न्हाऊन आले होते. पदर खोचला आणि मोठ्यानं सांगत सांगत सुरू केलं. "पाहा. अगोदर बाही झाडतो." झाडली. "ब्रशनं तोंड पुसतो." पुसलं. "कोनाच्या चक्कीवर होते का एवढं?" बाया माना हलवू लागल्या. मला जोर आला. चक्की सुरू केली, गव्हाचा डबा उचलून सगळ्यांना दाखवला. "अन् हे पाहा. लोकायच्या दळनाले एक मूठ. हिच्या पोरीच्या दळनाले तीन. एक, दोन, तीन. आता दगड आरशासारखा."

पार्बताबाई म्हणाली, "बाप्पा, हिनं त लयच साफ केलं वो." मला तेवढंच ऐकायचं होतं.

तेव्हा खुशी कडेवरून बोलली. आजारी लेकराचा बारीक आवाज, पण माणसं गप्प होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "मोठीमाय, थो त गहू हाय."

"हो माय. साफ कराले."

"पन मले गहू चालत नाई ना."

"तू कुठं खाऊन राहिली बेटा? थे पीठ त गाईले जाते."

साधना पुढे आली. डबा खाली ठेवला. चालू चक्कीच्या तोंडाची बाही हातानं उलटी केली आणि आत बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. ते बोट तिनं डोळ्यांपुढे धरलं आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली, "दर वेळी?"

"दर वेळी," मी म्हटलं. ताठ मानेनं म्हटलं. "अगोदर दोन मुठी, मंग तीन."

साधना बघतच राहिली. चक्की रिकामी फिरत होती. रिकामी चक्की चालू ठेवू नये, दगड दगडाला खातो, हे मी शंभर जणांना शिकवलं आहे. जळका वास यायला लागला तरी माझा हात बटणाकडे गेला नाही. शेवटी शेखरनंच बंद केली.

तो माझ्या अंगावर येईल असं वाटलं. साधना म्हणाली, "घरी चला." तिघं गेले. ज्वारीचा डबा तिथेच राहिला.

संध्याकाळ

प्राजक्ताला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई, त्या बिमारीत चिमूटभर पीठबी चालत नाई. दगडाच्या चऱ्यात जेवढं बसते ना, तेवढं पुरते तिले आजारी पाडाले."

"पन मी त पुसत होती वो."

"पुसत नोयती. भरत होती."

मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "मी रक्ताच्या लॅबमधी काम करतो आई. मले एक फोन केला असता त?"

का केला नाही? त्यांच्या घरची गोष्ट फोनवर काढायची कशाला, असं वाटलं. शत्रूच्या पोरीची चौकशी केली तर शत्रूला वाटेल आपण नमलो. एवढ्यासाठी.

१० फेब्रुवारी

चक्की उघडली नाही.

या वहीत ज्याच्यावर चिडायचं त्याचं नाव लिहायचं असं ठरलं होतं. लिहिते. पंचफुला. तीन महिने त्या पोरीला मी माझ्या हातानं गहू चारला, आणि तिनं खाल्ला नाही असं देवाशपथ सांगितलं तेव्हा तिला मार खाऊ घातला. गाव म्हणत होतं माझ्या पिठात काहीतरी आहे, मी गावाला शिव्या दिल्या. गावाचं एवढंच चुकलं की मी मुद्दाम केलं असं त्याला वाटलं. मुद्दाम केलं असतं तर थांबवता तरी आलं असतं.

१३ फेब्रुवारी

आज भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. चाळीस पावलं आहेत. अकरा वर्षांत मोजली नव्हती.

साधना नळाखाली कपडे धूत होती, त्याच दगडावर. मला पाहून थांबली नाही.

"माफी मागाले आल्या असान त जा."

"माफी मागून पोरीचं पोट भरत नाई. मी दगड मागाले आली."

हातातली चादर तिनं दगडावरच ठेवली. "आता दगडबी पायजे? पोरगी पुरली नाई?"

मी सगळं एका दमात सांगितलं. जोडीचा खालचा दगड माझ्याकडे आहे, सांगाडा आहे. अकरा वर्षं त्याला गहू शिवला नाही. हा वरचा रोज धुतला जातो, साबणानं का होईना. दोन्ही दगड बोटभर खोल टाकी मारून काढते, जुन्याचा कण राहणार नाही. मोटर बसवून देते. ती चक्की फक्त खुशीची. आणि ती माझ्या घरात ठेवायची नाही, माझ्या घराच्या हवेत गहू आहे. इथे ठेवायची, तुमच्या पडवीत.

"म्हंजे तुमची अर्धी आमाले देता?"

"हो."

ज्या अर्ध्या चक्कीसाठी पंचांना उठवून लावलं ती एका शब्दात गेली. शब्द तोंडातून निघाला तेव्हा छातीत दुखलं, खोटं कशाला लिहू.

साधना उठली. ओले हात पदराला पुसले. "एक सांगा. बिस्किटाचं पार्बताबाईले कोनं सांगतलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पार्बताबाईच्या तोंडाला कोण धरतं?

"मीनं."

तिनं बादली उचलली आणि साबणाचं पाणी माझ्यावर फेकलं. कमरेपासून खाली चिंब झाले. मी हलले नाही. तीही हलली नाही. आतून खुशीच्या खोकण्याचा आवाज आला.

"शेखर आले की दगड उचलून देतीन," ती म्हणाली. "पन ध्यानात ठेवा. तुमच्या घरचं पानी मी जलमात पिनार नाई."

"कोनं देऊन राहिलं?"

घरी येऊन लुगडं पिळलं. पाणी साबणाचं असल्यामुळे फरशी स्वच्छ निघाली.

२३ फेब्रुवारी

आठ दिवस छिन्नी. यांनी मारलेली टाकी अजून दिसत होती, साबणाच्या थराखाली, कडेकडेनं. ती काढून टाकावी लागली. काढताना मी रडले. चूक माझी आणि पुसलं जातं आहे त्यांचं काम.

काम शेखरच्या पडवीत करते. जायच्या आधी डोक्यावरून न्हाते, धुतलेलं लुगडं नेसते. साधना दारातच डोक्यापासून पायापर्यंत बघते, कधी कानामागे पीठ दिसलं तर बोट दाखवते. मी परत घरी येते आणि पुन्हा न्हाते. शेखरनं बेअरिंग आणलं, पट्टा आणला. नट आवळायला पाना धरतो, पण माझ्याशी पान्यापुरतंच बोलतो. "तेरा नंबर." "घ्या." बाही नव्या कापडाची पाहिजे म्हटलं तर साधनानं शिवून दिली. शिलाई वाकडी आहे. सांगितलं नाही.

माझ्या चक्कीवर लोक परत यायला लागले. पार्बताबाईही आली. तिचं दळण मी सगळ्यात शेवटी घेतलं.

२ मार्च, रविवार

आज चालू केली.

दगड बसले, पट्टा चढवला, शेखरनं बटण दाबलं. मी कान लावला. आवाज गोल होता, कुठे घासत नव्हता. वीस वर्षांपूर्वीचा आवाज जसाच्या तसा. शेखरनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली, त्यालाही ओळखू आला असणार. ती चक्की त्याच्याही भावाची होती.

टाकी मारलेल्या दगडाची कचकच असते. ती निघावी म्हणून दळणाआधी थोडं धान्य फिरवून टाकून द्यावं लागतं. मी चाक आवळलं. डोळे दगडावर, कान दगडावर. हात आपोआप हत्यारांच्या पिशवीत गेला, मूठ भरली आणि धान्य ओतायच्या हॉपरवर आली.

साधनानं मनगट धरलं.

इतकं घट्ट की हाडाला कळ गेली. मला आधी समजलंच नाही का धरलं. मग मी माझ्या मुठीकडे पाहिलं. माझ्या पिशवीत छिन्नीसोबत एक पुरचुंडी असते, नवा दगड फिरवून बघायला. वीस वर्षांपासून असते. लुगडं बदललं, केस धुतले, नखं काढली, आणि पिशवी तीच घेऊन आले.

"मूठ सोडा," साधना म्हणाली.

बोटं उघडेनात. तिनं एकेक करून उघडली. गहू तिच्या पदरात पडला, दाणा न् दाणा. मनगट तिनं सोडलं नाही. तसंच धरून मला नळाकडे नेलं, माझा हात कोपरापर्यंत धुतला, पुसला. मग आपल्या डब्यातली ज्वारी ओंजळीनं काढून माझ्या हातात ठेवली.

"हे टाका."

टाकली. पहिलं पीठ खरबरीत निघालं, गाईला गेलं. दुसरं मऊ निघालं. खुशी खाटेवर बसून बघत होती, तिला साधनानं हाक मारून जवळ घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, "हिच्या हाताकडे पाहत राहजो. दर वेळी. मी असो की नसो."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही.

"पाहत राहजो, माय," मी म्हटलं, आणि हात तिला दिसेल असा पुढे धरून पुढची ओंजळ ओतली.